पाच महिने सूर्याआड

विश्व आपलं गुपित हजार वर्षांतून एकदाच, एखाद्याच भाग्यवंताच्या कानात सांगतं. माझ्या भाचीला ते मंगळवारी जेवणाच्या सुट्टीआधी सांगितलं आणि सुट्टीनंतर परत घेतलं.

भाचीला घरात ‘शंका’ म्हणतात. का, ते तिला विचारू नये. उलट तीच चार प्रश्न विचारते. भौतिकशास्त्राची पदवी परीक्षा देऊन ती उन्हाळ्याचे दोन महिने एका खगोलसंस्थेत संशोधनाला गेली. दुर्बीण काही वाट्याला आली नाही. आली ती कुरकुरणारी खुर्ची, पडदे ओढलेली खोली आणि एका ताऱ्याच्या उजेडाच्या तीन वर्षांच्या नोंदी.

मंगळवारी तिला दिसलं, तारा दिवसातून बरोबर एकदा मंद होतो. धावतच ती मार्गदर्शक बाईंकडे गेली.

बाईंनी चष्मा पुसला. “दिवसातून एकदा काय फिरतं गं?”

“पृथ्वी...” शंकाचा चेहरा पडला. तारा रोज मावळतीकडे कलला, की जाड हवेतून फिका दिसायचा, एवढंच.

“म्हणजे पृथ्वी सापडली तुला. जागा चांगली आहे, पण तिथं आधीच लोक राहतात. रडू नकोस, मला दोनदा सापडली होती.”

शंकानं नोंदींतून पृथ्वी वजा केली. खाली उरली एक बारीकशी घट, दर अकरा दिवसांनी, ताऱ्यापुढून एखादा ग्रह सरकावा तशी. खरी की भास, ते ठरवायला आणखी नोंदी हव्या होत्या. आणि तारा नेमका सूर्याआड चालला होता.

“पाच महिने दिसायचा नाही,” बाई म्हणाल्या. “मग तू इथं असशील तर तो तुझा. नसशील तर दुसऱ्या कुणाला द्यावा लागेल. शुक्रवारपर्यंत सांग.”

आमच्या मेहुण्यांचा लिफ्टदुरुस्तीचा धंदा. लेकीसाठी ऑफिसात टेबल तयार होतं, सोमवारपासून. “वर जायचं तर आपल्यासारखी लाइन नाही,” हे ते गंभीरपणे म्हणतात.

त्या आठवड्यात शंका रोज दुपारी संस्थेच्या गच्चीवर जाई आणि हातानं ऊन अडवून सूर्याच्या बाजूला बघत उभी राही. दोन महिने ज्याची नाडी पाहिली, त्याचं तोंड तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. गच्ची झाडणारी बाई म्हणाली, “कुणी यायचंय का?” शंका म्हणाली, “हो. वेळ आहे अजून.”

शुक्रवारी तिचा फोन आला, तेव्हा मी मेहुण्यांच्या शेजारीच बसलो होतो.

“बाबा, मी सोमवारी येत नाहीये. एम.एस्सी. इथंच करते.”

“त्या एका ताऱ्यासाठी? आणि ती घटबिट खोटी निघाली तर?”

“तर ते मला कळू दे ना, बाबा. दुसऱ्या कुणाला नको.”

पन्नास माणसांवर ओरडणारा हा गृहस्थ. मी खुर्ची जरा मागे घेतली. त्यांनी स्वयंपाकघराकडे, म्हणजे माझ्या बहिणीच्या दिशेला, एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

“बरं. राहा. पण हे तुझ्या आईला तेवढं तूच सांग.”