चामखीळ कुठल्या गालावर

आमच्या दुकानात दोन खुर्च्या, एक दादाची, एक माझी. दोन्ही एकाच लांब आरशासमोर. नऊ वर्षं आम्ही भावांनी शेजारी शेजारी उभं राहून लोकांची डोकी भादरली आणि एकमेकांशी अवाक्षर बोललो नाही. चूक माझी, आता कबूल करायला काय जातंय? भर गिऱ्हाइकांत मी त्याला म्हणालो होतो, "दादा, हात थरथरतो तुझा. वस्तरा ठेव आता." त्यानं वस्तरा ठेवला नाही, अबोला धरला. मीही कमी हट्टी नाही. कात्री हवी असली की गिऱ्हाइकाला सांगायचो, शेजारच्यांना म्हणावं जरा द्या. लोक हसायचे. दादाकडे बघायचं ते फक्त आरशात, तेही चोरून.

दुकानासमोर शाळेची भिंत आहे. तिच्यावर वस्तीतल्या माणसांचे मोठाले चेहरे रंगवायचं काम चालू होतं. पोस्टमन झाला, फुलवाली झाली, पुढचा दादा. चित्रकार मुलगी त्याला समोर बसवून चेहरा उतरवणार होती, त्याच्या आदल्या दिवशीच दादाचं हृदय बंद पडलं.

तिच्याकडे उरला ओळखपत्रावरचा जुना, पुसट फोटो. त्यात चामखीळ नव्हती, कारण ती अबोल्यातच कधीतरी उगवली, वाटाण्याएवढी. मुलगी वहिनीला विचारायला निघाली, तर मीच आडवा गेलो. म्हटलं, त्या बाईला कशाला छळतेस, मी काय मेलोय? खरं सांगायचं तर दादासाठी एवढी एक गोष्ट मला धड करायची होती. बाकी काही हातात उरलंच नव्हतं. मग मी शिडीखाली उभा राहून बोट दाखवत राहिलो. भांग असा पाड. हसताना ओठ इकडे वाकडा व्हायचा. चामखीळ तिकडे नाही गं, आपल्या डाव्या हाताला.

चित्र झालं आणि मला रडूच फुटलं. हुबेहूब दादा. पोस्टमन मात्र मान वाकडी करून म्हणाला, काहीतरी चुकतंय बुवा. मी त्याच्यावर खेकसलो.

संध्याकाळी वहिनी आली. बराच वेळ बघत राहिली. स्वतःच्या एका गालाला हात लावला, मग दुसऱ्याला.

"भावोजी, चामखीळ दुसऱ्या गालावर होती," ती म्हणाली. "तुम्ही आरशातलं सांगितलंत."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. नऊ वर्षांत मी एकदाही मान वळवून सख्ख्या भावाचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि हे आता सगळ्या वस्तीला दिसेल असं मीच भिंतीवर काढून घेतलं होतं.

मुलगी ओशाळली, उद्या दुरुस्त करते म्हणाली. वहिनी दुकानात शिरली आणि दादाच्या खुर्चीत बसली. आरशात उघडं दार दिसत होतं, दारातून समोरची भिंत. आरशात उलटलेल्या त्या चेहऱ्यावर चामखीळ बरोबर जागेवर होती. वहिनीनं तोंडावर हात दाबला.

"राहू दे तसंच," ती म्हणाली. "मी इथं येऊन बघत जाईन ह्यांना."

मी तिच्या मागून आरशात पाहिलं. मला तो माणूस ओळखूच येईना. सगळ्यांनी समोरून पाहिलेला दादा तो, मी सोडून. म्हणालो, "दादा, चुकलं रे माझं."

तेही आरशातच म्हणालो. मागं वळून त्याच्या तोंडावर म्हणायचा धीर मला तेव्हाही झाला नाही.