शंभर गॅलन

पाणी समितीसाठी मीटर वाचणाऱ्या एर्नेस्टिनाने हुकाने लोखंडी झाकण उचललं, कोळ्याचं जाळं बाजूला सारलं आणि मीटरची काच बोटाने पुसली. आकडा दोन वर्षांपूर्वीचाच होता, जराही हललेला नव्हता. तिला आनंद झाला आणि त्या आनंदाची लाजही वाटली.

गावच्या विहिरी आटत चालल्या, तेव्हा पाणी समितीने नळजोड गोठवले होते. आहेत ते तीनशे बारा, त्यावर एकही नाही. आणि नळ नाही तर घर बांधायला परवानगी नाही. सलग दोन वर्षं कुणी शंभर गॅलनही पाणी वापरलं नाही, तरच त्याचा जोड यादीतल्या पहिल्या माणसाला मिळायचा. पहिलं नाव लुसिंडाचं होतं, एर्नेस्टिनाच्या लेकीचं. अकरा वर्षं ती पोरगी पत्र्याच्या खोपटात राहत होती. आता पदरी दोन लेकरं, आणि अंघोळीचं पाणीसुद्धा पिंपातून आणलेलं.

हा रिकामा प्लॉट सेलेस्तिनोकाकांचा. मुलगा परत येऊन घर बांधेल म्हणून ते दर उन्हाळ्यात इथल्या जर्दाळूला पोटभर पाणी पाजायचे आणि जोड जिवंत ठेवायचे. गेले दोन्ही उन्हाळे त्यांचे इस्पितळात गेले. आज मुदतीचा शेवटचा दिवस.

शून्य लिहावं आणि चालू पडावं, कोण विचारतंय? तिने पेन्सिल काढली आणि नेमकी काकांची गाडी कुंपणाशी थांबली. आलाच म्हातारा! मनातल्या मनात तिने एक शिवीही हासडली.

काका काठी टेकत आले. दुसऱ्या हातात बादली होती. नळाशी त्यांनी बरीच झटापट केली, पण तो हलेना.

"टिना, एवढा नळ सोड गं. बोटांत जीवच राहिला नाही."

गंजलाय म्हणून सांगता आलं असतं.  तरी पाना काढून तिने नळ सोडला. बादली भरताच काकांनी हात वर केला.

"पुरे. बंद कर."

तिने नळ बंद केला. आता नुसतं गप्प बसायचं होतं. तेही तिला जमलं नाही.

"काका, एका बादलीने काही होत नाही. अशा वीस लागतात. नाहीतर शून्यच धरतात."

"मला शिकवतेस? समितीत बसून तो नियम मीच लिहिलाय."

तिने मान वर केली. काका झाडाकडे बघत होते.

"पोरगा काही येत नाही आता. तू आधी ही बादली झाडाला घाल. मग लिही तुझं ते शून्य."

एक थेंबही सांडू नये म्हणून ती दोन्ही हातांनी बादली धरून चालू लागली.