अर्ध्या माशाची साक्ष

मंडळी, तुम्हीच सांगा, विश्वास कोणावर ठेवावा? अंगाखांद्यावर खेळवलेल्या माणसावर, की वाटाण्याएवढाही जीव नसलेल्या धातूवर? आमच्या खितानांच्या, म्हणजे चीनच्या उत्तरेकडल्या गवताळ मुलखातल्या घोडेस्वारांच्या, राज्यात याचं उत्तर ठरलेलं होतं. धातूवर.

मी अर्धा मासा बोलतोय. सोन्याचा, तळहातात मावणारा. दरबारच्या सोनारानं आम्हाला अख्खं घडवलं आणि उभं चिरलं. माझ्या आतल्या अंगाला उठावाची अक्षरं, दुसऱ्या अर्ध्याच्या अंगाला तेवढ्याच खाचा. तो सम्राटाच्या तंबूत राहिला, मी पूर्वेच्या सीमेवरच्या छावणीत आलो. सम्राटाचं बिऱ्हाड तरी कुठं एका जागी असायचं? वसंतात हंसांच्या शिकारीला, हिवाळ्यात उबदार वाळूत. पाच राजधान्या होत्या, पण राज्य चालायचं ते खोगिरावरून. तिथून फौज हवी झाली की स्वार माझा जोडीदार घेऊन येई. दोघे अचूक बसलो, तर घोडे निघायचे. नाही बसलो, तर आणणारा हेर.

लोकांना वाटायचं, जोडीदार भेटला की मासा सुखावत असेल. सुखावेन कसा? आम्ही भेटलो की पोरं लढाईला जायची आणि रिकामी खोगिरं परत यायची. टापा ऐकल्या की मला थंडी भरायची.

आमचा छावणीप्रमुख येलू सागेला. मी त्याच्या ताब्यात, पण माझी निगा राखायची त्याची आई, तेमेली. मासा मळला तर छावणीवर मरण येतं, अशी तिची पक्की समजूत. नव्या वर्षाला उगवतीकडे तोंड करून बसायची आणि राख व घोड्याची चरबी लावून मला आतून-बाहेरून घासायची. वर्षानुवर्षं. सोनं मऊ असतं हो, मंडळी. तिच्या मायेनं माझी अक्षरं झिजत गेली. मला कळत होतं. सांगणार कुणाला?

मग जुर्चेन, पूर्वेकडची आमचीच मांडलिक टोळी, बंड करून उठले. एका छावणीत आमच्यातलाच एक फितूर खोटा हुकूम घेऊन गेला. प्रमुखानं मासे न जुळवता, ओळखीच्या चेहऱ्यावर विसंबून फौज हलवली आणि सगळी कापली गेली. तेव्हापासून माणसं सख्ख्या भावाचा आवाज ऐकूनही तलवारीला हात घालू लागली.

अशात एका सकाळी हुदुगु माझा जोडीदार आणि सम्राटाचा हुकूम घेऊन आला. आमच्यात येलू कुळानं राज्य करायचं आणि शिआव कुळानं त्यांच्या घरी मुली द्यायच्या. तेमेली शिआवांची लेक, आणि हुदुगु तिच्या भावाचा मुलगा. घोड्यावरूनच म्हणाला, "आत्या, घोटभर दूध दे. तुझा लेक पाहुण्याला उन्हातच वाळवणार, दिसतंय." तेमेली हसली, पण उठली नाही. मासे जुळेपर्यंत आलेला पाहुणा नसतो.

हुकूम होता की नदीकाठचा किल्ला वेढलाय, ताबडतोब निघा. सागेलानं आम्हाला जोडलं. मी हललो. पुन्हा जोडलं. शेपटीकडे मी सैल डुगडुगत होतो.

भोवतालच्या स्वारांचे हात तलवारींकडे गेले.

"दादा, हे बघ," हुदुगुनं ओठ वर करून तुटका दात दाखवला. "तूच पाडला होतास ना मला घोड्यावरून? मला ओळखत नाहीस?"

"मी ओळखतो रे," सागेला खालच्या आवाजात म्हणाला. "मासा ओळखत नाही."

हुदुगु वळला. "आत्या, तू तरी सांग यांना."

तेमेलीनं माझ्याकडे पाहिलं, मग मला घासणाऱ्या आपल्या अंगठ्याकडे. तिला सगळं उमगलं, ते तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं. पण दरबारचा मासा खराब झाला तर ज्याच्या ताब्यात असेल त्याचं डोकं जातं. एका पारड्यात भाचा, दुसऱ्यात पोटचा गोळा. तिनं तोंड उघडलं.

"काही म्हणालीस, आई?"

"नाही रे. धूर गेला घशात."

हेराला आमच्यात खांबाला बांधून सगळी छावणी बाण मारते. पहिला बाण प्रमुखाचा. हुदुगुनं शिव्या दिल्या नाहीत, गयावया केली नाही. शेवटपर्यंत आत्याकडे बघत राहिला. आता ती बोलेल, असं मला वाटलं. तोवर धनुष्यांच्या दोऱ्या सुटल्या होत्या.

पुढे किल्ल्यातून निसटलेला एक जखमी स्वार आला. किल्ला पडला होता. आमची वाट बघत बघत पडला, म्हणाला. सागेलानं मला उचललं, आतल्या अंगावरून बोट फिरवलं, आईकडे पाहिलं आणि बाहेर गेला. त्यानंतर त्या तंबूत कुणी कुणाशी धड बोललं नाही. मग जुर्चेन इथंही आले. पळापळीत तेमेलीनं मला नदीत सोडलं.

आता गाळात पडलोय. वर टापा वाजल्या की अजून धसकतो.

मंडळी, राज्य बुडालं की कोणामुळे बुडालं याची गणती होते. त्यात हुदुगुचं नाव फितुरांत धरतील, कारण मी तशी साक्ष दिली. तुम्ही मात्र हिशेब प्रामाणिकपणे ठेवा. त्या सकाळी आमच्या छावणीत एकही फितूर आला नव्हता.