कन्हानच्या वळणावरचा कठडा

मित्रांनो, मी एक जुना कठडा आहे. तसं माझं वय फार नाही, पण नदीकाठी लोखंड लवकर म्हातारं होतं. नागपूरच्या उत्तरेला, खाप्याच्याही वर, टेकड्यांमधून कन्हान वाहत येते. तिच्या काठाकाठानं एक वाट आहे. त्या वाटेला एकही पायरी नाही. चाकांची खुर्ची सहज ढकलता यावी, कुबडी घसरू नये, म्हणून ती मुद्दाम तशी बांधली. आणि ज्यांना दिसत नाही, त्यांच्या हाताला आधार हवा म्हणून मला उभं केलं.

कळमन्याच्या एका वेल्डिंगच्या दुकानात माझे पाइप कापून जोडले. कारागिरानं माझ्या अंगावर जागोजागी कडी बसवली. एक कडं हाताला लागलं की बाक जवळ आला, दोन लागली की वळण आलं. उद्घाटनाला आलेले पाहुणे माझ्यावरून हात फिरवून "वा, वा" म्हणाले. मला फार अभिमान वाटला.

मला सगळ्यांत प्रिय होते बळीरामजी. ते पूर्वी उमरेडची एसटी चालवायचे. साखरेच्या आजारानं त्यांची नजर गेली आणि कुणी हात धरल्याशिवाय त्यांना घराबाहेर पडता येईना. पहिल्यांदा इथे आले तेव्हा त्यांनी पत्नीला, कौसल्याबाईंना, बाकावर बसवलं.

"तू बस वं इथंच. मी एकटा जाऊन येतो."

ते गेले, आणि एकटेच परतही आले. कौसल्याबाई पदरानं डोळे पुसत होत्या. तेव्हापासून खाप्याहून दर रविवारी ते दोघं येऊ लागले.

पण माझ्या पायाखाली काय चाललं होतं, ते कुणाला दिसत नव्हतं. वळणावर नदी खोल आहे. दर पावसाळ्यात ती काठाची थोडी माती खायची. माझ्या खांबांचे पाय गंजू लागले. आतून माती सुटताना बारीक करकर ऐकू यायची. बळीरामजींच्या हाताला ते आधी कळलं.

"रोशन, हा इथं हालून राहिला गा," ते फाटकावरच्या राखणदाराला म्हणाले.

"हो जी काकाजी, सांगतो साहेबाले."

साहेब आले. लांबूनच पाहून गेले. मग हिरवा रंग आला. गंजावरच तो फासला आणि मी नव्यासारखा चमकू लागलो. येणारे जाणारे माझं कौतुक करत होते आणि खाली नदी आपलं काम करत होती.

यंदाच्या श्रावणात एका दुपारी वळणावरचा माझा तुकडा मातीसकट पाण्यात गेला. वळण सांगणारी ती दोन कडीही त्याच्याबरोबर गेली. तेव्हा वाटेवर चिटपाखरू नव्हतं. रोशननं त्या खिंडारात लाल-पांढरी प्लास्टिकची फीत बांधली आणि वर फोन केला. वाट मात्र बंद झाली नाही. रविवारी चाकांच्या खुर्चीवरच्या लोकांची सहल ठरली होती.

रविवारी फाटकाशी गर्दी झाली. रोशन गाडीतून चाकांच्या खुर्च्या उतरवण्यात गुंतला होता. बळीरामजी नेहमीसारखे माझ्यावर हात ठेवून निघाले. माझं टोक आलं. त्यांचा हात हवेत गेला. सांधा असेल असं वाटून त्यांनी तो पुढे चाचपला. फीत छातीला लागली, पण वाऱ्यानं उडालेलं पान लागावं तशी. ती तुटली. मित्रांनो, मला ओरडायचं होतं. पण लोखंडाला तोंड नसतं.

पाण्याची बाटली द्यायला कौसल्याबाई मागून येत होत्या.

"अहो, थांबा! पाय टेकू नका!"

बळीरामजींनी उचललेला पाय तसाच धरला. कौसल्याबाईंनी धावत येऊन त्यांचा सदरा मुठीत धरला आणि दोघंही मागे, वाटेवर कोसळले. काठावरून एक ढेकूळ सुटलं. ते पाण्यात पडल्याचा आवाज क्षणभरानं आला.

रोशन धापा टाकत आला. "काकाजी, फीत लावली होती ना जी!"

"कोणासाठी लावली गा?" बळीरामजी म्हणाले. "मले फीत दिसते का?"

बळीरामजी तिथून उठेनात. "मी उठलो तर मागचा माणूस पाण्यात जाईन," एवढंच ते म्हणत राहिले. शेवटी रोशननं आणि सहलीच्या लोकांनी मोठमोठे दगड आणून वाट अडवली, तेव्हा ते उठले. त्यानंतर ते आले नाहीत. आता म्हणे ते अंगणातसुद्धा भिंत सोडत नाहीत.

माझी दुरुस्ती अजून झालेली नाही. करकर आता पुढच्या खांबाखालून येते. काल काही हौशी लोकांनी फोटोसाठी ते दगड बाजूला सारले आणि तसेच टाकून ते निघून गेले. आज रविवार आहे. रोशन अजून इकडे फिरकलेला नाही. फाटकाकडून कुणाच्या तरी काठीची टकटक जवळ येते आहे.

मित्रांनो, माझा रंग पाहून फसू नका. मला धरून हलवून पाहा. हललो तर सांगा, पुन्हा सांगा, आणि मी पक्का होईपर्यंत गप्प बसू नका. माझ्यावर हात ठेवणाऱ्याला दुसरा आधार नसतो.