पोर्ट हॅनलीची संथ वीज

मुलांनो, हातात एक पेन्सिल आहे असं समजा. खोलीत एकच दिवा लावलेला आहे, आणि त्या दिव्याखाली तुम्ही ती पेन्सिल भरभर हलवताय. तुम्हाला बहुधा नुसता एक पुसट पट्टा दिसेल. ओर्नेलाच्या घरी मात्र एका पेन्सिलीच्या सात-आठ पेन्सिली दिसायच्या, पंख्याच्या पात्यांसारख्या सुट्या सुट्या.

याचं कारण म्हणजे आमच्या पोर्ट हॅनलीची वीज संथ होती. वीज तारेतून ओढ्यासारखी एका दिशेनं वाहत नाही, झोपाळ्यासारखी पुढेमागे होते. आमच्या देशात बहुतेक ठिकाणी ती सेकंदाला साठ झोके घ्यायची, आमच्याकडे पंचवीसच. त्यामुळे दिवे किंचित लुकलुकायचे. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. बाहेरगावचे पाहुणे तेवढे जेवताना डोळे चोळायचे.

मग सरोवराकाठी नवं वीजघर उभं राहिलं आणि साऱ्या गावाला साठ झोक्यांची वीज द्यायचं ठरलं. पण संथ विजेवरची यंत्रं नव्या विजेवर नीट चालेनात. म्हणून वीजवाल्यांचे ट्रक एकेका गल्लीत येऊ लागले. ते फ्रिजची, घड्याळांची, कपडे धुण्याच्या यंत्रांची मोटर फुकट बदलून द्यायचे. ज्याची मोटर बदलता येत नसे ते उचलून न्यायचे आणि त्याजागी नवं द्यायचे.

ओर्नेला तेव्हा नऊ वर्षांची होती. शेजारच्या क्लाइव्हनं तिला सांगितलं, "जुनं सामान नेतात ना, ते हातोड्यानं फोडतात. तुमचा ग्रामोफोन तर पहिला फुटणार."

ओर्नेला धावतच घरात ग्रामोफोनपाशी गेली. तिचे आजोबा, म्हणजे तिचा नोन्नो, मागच्या हिवाळ्यात वारले होते. टोरांटोच्या जत्रेत एका छोट्या बंद खोलीत बसून, पेटीत नाणं टाकून बोललं की आवाजाची तबकडी बाहेर यायची. तशी नोन्नोची एक तबकडी घरात होती आणि ती त्या विजेवरच्या ग्रामोफोनवर वाजायची. नोन्नोचा आवाज एवढाच उरला होता. ओर्नेलानं ग्रामोफोन तळघरात कोळशाच्या खोलीत लपवला आणि वर पोतं टाकलं. मम्मानं विचारलं तेव्हा म्हणाली, "झियाकडे दिलाय." झिया म्हणजे तिची आत्या, ल्योन्तिना.

वीजवाले आले, काम करून गेले. मम्मा बाजारात गेलेली पाहून ओर्नेलानं ग्रामोफोन वर आणला आणि तबकडी लावली. आतून चीं चीं करत काहीतरी ओरडलं. पिसाळलेली चिमणीच जणू. तबकडी भिंगरीसारखी गरगरत होती, आणि नोन्नोचं सगळं बोलणं दोन शिंकांच्या वेळात संपलं.

तिनं तबकडी हातात घेऊन उजेडात पाहिली. ओरखडा नव्हता. ग्रामोफोनही कालचाच. मग बदललं काय? तिनं दिव्याखाली पेन्सिल हलवली. नुसता पुसट पट्टा दिसला.

"वीज बदलली," ती स्वतःशीच म्हणाली. मग तिला आठवलं, झियाच्या गल्लीत ट्रक अजून गेलेले नाहीत.

शनिवारी सकाळी तिनं छोट्या हातगाडीवर ग्रामोफोन ठेवला आणि ती टेकडीखालच्या गल्लीत गेली. झिया ल्योन्तिना चुलीवर पोलेंटा, म्हणजे मक्याच्या पिठाची लापशी, ढवळत होती.

"हे काय धूड आणलंस? आणि मम्माला माहीत आहे का?"

"झिया, आधी दिवा लाव. एकदाच."

"भर दिवसा? बिल तुझा बाप भरणार आहे का?" असं म्हणत झियानं दिवा लावला. ओर्नेलानं पेन्सिल हलवली. सात-आठ पेन्सिली! तिनं तबकडी लावली.

"सुरू झालं का?" नोन्नोचा खर्जातला, खराखुरा आवाज आला. "लाल दिवा लागलाय... म्हणजे बोलायचं? ओर्नेला, ऐक. टोमॅटोला पाणी सकाळी घालायचं. दुपारी घालशील तर कान उपटीन. आणखी काय... अहो, आणखी किती वेळ आहे? कुणी आहे का बाहेर?" मग खोकला, मग मोठ्ठं हसू.

झियाचा डाव हवेतच राहिला. "मेला तरी अजून ओरडतोच आहे!" ती म्हणाली आणि एप्रनच्या टोकानं नाक पुसू लागली. मग म्हणाली, "आज ऐकून घे बाई. गुरुवारी ट्रक इथेही येणार."

"मग जुनी वीज कुठे मिळेल?"

"मला काय विचारतेस, मी काय वीज पिकवते? त्या ओगिल्वीला विचार."

मिस्टर ओगिल्वी टेकडीच्या पायथ्याशी, धबधब्याखालच्या दगडी वीजघरात काम करायचे. ओर्नेला हातगाडी ओढत तिथे गेली तेव्हा ते दारात बसून सँडविच खात होते.

"बेप्पीची नात ना तू?" ते म्हणाले. "तुझ्या आजोबानं माझे निम्मे डबे खाल्लेत. हे काय, ग्रामोफोनला हवा खायला आणलंस?"

ओर्नेलानं सगळं सांगितलं. ते उठले आणि तिला आत घेऊन गेले. आत माणसापेक्षा उंच चाकं घुमत होती. जमीन पायाखाली गुरगुरत होती.

"बघ, किती निवांत फिरतात. पाण्यानं फिरणारी ही थोराड चाकं. तेव्हाच्या लोकांना वाटलं, यांना संथ ठेकाच बरा. सुरुवातीला कालव्यावर कोळशाचं वीजघर होतं. तुझा आजोबा तिथे भट्टीत कोळसा टाकायचा. आता तिथे बटाटे ठेवतात. मग हे आलं. आता सरोवराचं आलंय, म्हणजे आमचीही गाडी बटाट्यांकडे."

"हे बंद होणार?"

"शेवटची गल्ली बदलली की त्याच दिवशी."

"एक चाक ठेवा ना! छोटंसं. फक्त नोन्नोपुरतं."

ओगिल्वी हसले नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या खुंटीला अडकवलेली सायकल उतरवली आणि तिच्यासमोर उलटी ठेवली. "पॅडल फिरव. हळू. आता जोरात. मागच्या चाकात काय फरक पडला?"

"जोरात फिरलं."

"चाक तेच ना? टायरही तोच?"

ओर्नेला पॅडल फिरवत राहिली, कधी हळू, कधी भरभर. चाकाकडे बघता बघता तिचा हात थांबला.

"नोन्नो तबकडीत आहे," ती सावकाश म्हणाली. "ग्रामोफोन नुसतं पॅडल मारतो. मग... दुसऱ्या कुणी बरोबर वेगानं मारलं तर?"

"मारून बघ की," ओगिल्वी म्हणाले. "पण मोटर बदलणारे वीजवाले. मी नाही. आणि त्यांच्यापासून तर तू तो लपवलास."

"फोडतील ते."

"ग्रामोफोन? कदाचित. तबकडी तुझ्या हातात असली तर ती कशी फोडतील?"

बाहेर येऊन ओर्नेला हातगाडीजवळ बराच वेळ उभी राहिली. ग्रामोफोन घरी न्यावा तर मम्माशी खोटं बोललेलं उघड होणार. झियाकडे ठेवावा तर गुरुवार येणारच. शेजारच्या गल्लीच्या कोपऱ्यावर वीजवाल्यांचा ट्रक उभा होता आणि दोन माणसं एक फ्रिज चढवत होती.

तिनं तबकडी काढून स्वेटरच्या आत, छातीशी धरली. मग हातगाडी ओढत ती थेट ट्रकपाशी गेली.

"हा आमचा," ती म्हणाली. "मेपल गल्लीतला. तुम्ही आलात तेव्हा मी लपवला होता."

जाडजूड माणसानं ग्रामोफोन उलटासुलटा करून पाहिला. "याची मोटर आता मिळत नाही, पोरी. नवा देतो. पण मम्माला घेऊन ये, सही लागेल."

"आणते," ओर्नेला म्हणाली. "पण आधी नवा इथे, नव्या विजेवर लावून दाखवा." तिनं स्वेटरमधून तबकडी काढली आणि दोन्ही हातांनी पुढे धरली. "हिच्यातला माणूस खोकला नाही, तर मला तो नको."