अढीतल्या सिगार

देवदत्तच्या तेराव्याला पानं उठायच्या आतच परशुरामने भावाची सिगारची पेटी काखेत मारली. सुमेधाने हात पुढे केला, तर तो चारचौघांत हसला. "वहिनी, बायकांना यातलं काय कळतं? राहूदे माझ्याकडे."

देवदत्त बोटीवर कप्तान होता. तो परदेशातून आणायचा त्या भारी सिगार, पण सांभाळायची सुमेधा. पावसाळ्यात बुरशी धरू नये, उन्हाळ्यात पान तडकू नये म्हणून जपायची. पारख त्यानेच पडवीत बसून शिकवली होती. सिगार बोटांत हलकेच दाबावी. कुरकुरली तर सुकली, पिचपिचली तर भिजली. वरच्या पानाला मंद तकाकी हवी. पेटवल्यावर राख पेरभर तरी घट्ट उभी राहावी. आणि तंबाखू शेजारच्या वस्तूचा वास चटकन उचलते, हे कधी विसरू नये.

घर एकच, चुली दोन. २००३च्या एप्रिलात परशुराम पेटी घेऊन तिच्या दारात आला.

"मुंबईचे अनिशशेठ येतायत. मोठं हॉटेल आहे त्यांचं. खूश झाले तर अख्ख्या बागेचा आंबा दरवर्षी तेच उचलतील. सिगारचे भलते शौकीन! तोवर ही पेटी आंब्याच्या अढीत ठेवतो म्हणतो. जे हापूसला मानवतं, ते जगाला मानवतं. काय?"

पेंढ्यातला आंबा पिकताना तापतो, घामेजतो, खोलीभर घमघमतो. सिगारचं तिथे मातेरं होणार. शब्द सुमेधाच्या जिभेवर आले होते. मग तिला तेराव्याचं ते हसणं ऐकू आलं.

"तुमच्या अढीसारखी जागा नाही, भावोजी," ती म्हणाली.

अनिशशेठ आले त्या दिवशी चहाचा ट्रे घेऊन ती मुद्दाम तिथेच थांबली. शेठनी सिगार दाबली, ती पिचपिचली. हुंगली आणि मोठ्यांदा हसले.

"परशुरामपंत, ही ओढायची की रस काढायचा हिचा?"

दुसरी पेटता पेटेना. तिसरीला किड्याने भोक पाडलेलं. शेठनी ती पेटीत टाकली आणि रुमालाला बोटं पुसली.

"एवढा उंची माल ज्याला सांभाळता आला नाही, त्याच्या अढीवर मी काय भरवसा ठेवू?"

परशुराम लालबुंद झाला. "यांनीच सांगितलं! वहिनी, बोला की! अढीत ठेवा म्हणालात ना?"

सुमेधाने पदर सावरला. "माझं कशाला ऐकलंत, भावोजी? बायकांना यातलं काय कळतं?"

शेठ चहा न घेताच उठले. त्यांची गाडी आरे-वारेच्या समुद्राकाठच्या रस्त्याला लागल्यावर परशुरामने पेटी तिच्या पायाशी भिरकावली.

"घ्या हा कचरा!"

तिने एकेक सिगार वेचली. देवदत्तचं आता एवढंच उरलं होतं आणि तेही तिनेच नासवलं होतं. तरी पेटी छातीशी धरून आपल्या चुलीकडे जाताना तिची मान ताठ होती.