विठोजीअण्णांचा गोपनीय रकाना

मी राजाजीनगरच्या ‘स्नेहबंध वधूवर मंडळा’ची वेबसाइट बोलतेय. लोक म्हणतात, लग्नं जुळवण्याचं पुण्यकर्म करते. मी खरं काय करते ते मला ठाऊक आहे, आणि मला त्याची किळस येते.

माझा जन्म लग्नपत्रिका छापणाऱ्या नागराजच्या दुकानात झाला. पत्रिकांच्या जोडीला तो वेबसाइटही करून द्यायचा. एका साडीच्या दुकानासाठी केलेला साचा त्याने मला चढवला, त्यामुळे वर्षभर माझ्या कोपऱ्यात ‘नवीन माल आला आहे’ अशी पाटी राहिली आणि तिच्या खालीच उपवर मुलींचे फोटो. पाहणाऱ्यांपैकी कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं.

मंडळाचे चिटणीस विठोजीअण्णा. तीनशे वर्षांपूर्वी इकडे कन्नड मुलखात आलेल्या घराण्यातले. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि दोन्हीकडे शब्दाला मान. माणूस वाईट नाही हे मुद्दाम सांगते, कारण वाईट माणसाची मला इतकी चीड आली नसती. पूर्वी मुलीचं आजारपण, मुलाचा मोडलेला संसार असल्या गोष्टी लोक अण्णांच्या घरी येऊन, दार लोटून घेऊन सांगायचे. तीच सोय अण्णांनी हौसेने माझ्या फॉर्मात केली. एक रकाना घातला: ‘गोपनीय. जे असेल ते खरं लिहा. फक्त चिटणीस वाचतील.’ दाराचं काय, हे मात्र कोणी विचारलं नाही.

कारण मला दारच नव्हतं. माझ्यात लिहिलेलं अक्षर अण्णांपर्यंत उघडंच जायचं. उघड्या पातेल्यातून आमटी न्यावी आणि वाटेत भेटेल त्याने बोट बुडवून चाखावी, तशातली गत. ब्राउझर बिचारा पत्त्याशेजारी ‘सुरक्षित नाही’ असं दाखवत राहायचा. पण तिकडे बघतो कोण? लोक उंची बघत होते, रंग बघत होते, पगार बघत होते.

एकदा मात्र मला बरे दिवस आले. मारतहळ्ळीत नोकरी करणारा, मूळचा पुण्याचा रघुनंदन नाव नोंदवायला आला आणि फॉर्म अर्ध्यावर सोडून थेट अण्णांच्या घरी गेला. ‘काका, साइटला सिक्युरिटी सर्टिफिकेटच नाहीये. फ्री मिळतं, अर्ध्या तासाचं काम आहे,’ म्हणाला, आणि त्यानेच ते बसवून दिलं. तेव्हापासून मजकूर कुलपात जाऊ लागला. वाटेत कोणी हात घातलाच तर अगम्य अक्षरांखेरीज काही लागायचं नाही. शिवाय ही तीच वेबसाइट, तिचं सोंग घेतलेली दुसरी कोणी नव्हे, अशी साक्षही ते प्रमाणपत्र द्यायचं. फक्त दर तीन महिन्यांनी ते नवं करावं लागे. रघुनंदन न सांगता करायचा, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा अंगभर कपडे घातल्यासारखं वाटायचं.

मग कमिटीत शंका निघाली, परक्याच्या हातात आपल्या घरची किल्ली कशाला? अण्णांनी पासवर्ड बदलला आणि रघुनंदनला कळवायचंही राहून गेलं. प्रमाणपत्राची मुदत संपली. मला उघडलं की पानभर इशारा यायला लागला. पार लांबच्या येलहंक्यापासून अण्णांना फोन सुरू झाले. आता तरी नवं प्रमाणपत्र घेतील, असं मला वाटलं. अण्णांनी नागराजला बोलावलं आणि आहे तेच काढून टाकायला सांगितलं. इशारा गेला, फोन थांबले. ‘सरी, ठीक झालं,’ म्हणून अण्णांनी सगळ्यांना कॉफी मागवली. कुत्रं भुंकून झोपू देत नाही म्हणून त्याला लांब सोडून यायचं आणि दार सताड उघडं टाकून निजायचं, असली ही अक्कल.

गेल्या जानेवारीत मंगल कार्यालयात मेळावा भरला. कार्यालयाचं वाय-फाय सगळ्यांना मोकळं होतं. शाळेत गणित शिकवणारी अक्षरा खुर्चीत बसून मोबाइलवर फॉर्म भरत होती. अद्वैत नावाच्या मुलाशी ती दोनदा फोनवर बोलली होती, दोघांना एकमेकांचं बोलणं आवडलं होतं, आणि चार वाजता त्यांची भेट ठरली होती. गोपनीय रकान्यापाशी ती बराच वेळ थांबली. मग लिहिलं: ‘मला अपस्मार आहे. गोळ्या चालू आहेत. चार वर्षांत झटका आलेला नाही. मुलाला मी स्वतः सांगेन.’

मागच्या रांगेत एका उपवर मुलाचा मामेभाऊ सुमंत बसला होता. लॅपटॉपवर कुठलंसं फुकटचं सॉफ्टवेअर लावून तो त्या वाय-फायवरून जाणारा-येणारा मजकूर वाचत होता. करमणूक म्हणून. अक्षराची वाक्यं मी त्याच्या डोळ्यांदेखत नेली. झाकायला माझ्याजवळ काहीच नव्हतं.

पंगतीत चित्रान्न वाढेपर्यंत सुमंतच्या तोंडून बातमी या टोकापासून त्या टोकाला पोचली. अद्वैतची आई कस्तुराबाई कमिटीच्या टेबलापाशी येऊन भेट रद्द करून गेल्या. टेबलावरच्या लॅपटॉपवर मी उघडीच होते, त्यामुळे पुढचं सगळं ऐकलं. थोड्या वेळाने अक्षरा आली. ती रडत नव्हती.

‘अण्णा, तुम्ही खरं लिहा म्हणालात, मी लिहिलं. चार वाजता मीच त्याला सांगणार होते. ते सांगणं माझं होतं.’

अण्णांनी मान खाली घातली. ‘स्वल्प चुकलं आमचं. पण वाचलं ते आपल्याच माणसांनी की.’

‘परक्यांनी वाचलं असतं तर बरं झालं असतं. ते माझ्या पंगतीला बसले नसते.’

ती गेली. सुमंतला कोणी अवाक्षर बोललं नाही. उलट ‘पोरगा डोक्याने तल्लख आहे’ असं कौतुक माझ्या कानावर आलं. बायकांत चर्चा एकच, असलं काही नेटवर लिहावंच कशाला? लिहायला सांगणाऱ्याला दोष नाही, चोरून वाचणाऱ्याला नाही, उघड्यावर नेणारी मी, तर मलाही नाही. दोष खरं लिहिणारीचा. असल्या लोकांची शुभमंगलं जुळवायची म्हणजे मला ओकारी येते.

पुढच्या आठवड्यात कमिटीची बैठक झाली. रघुनंदनने निरोप पाठवला होता, पासवर्ड द्या, संध्याकाळपर्यंत नवं प्रमाणपत्र बसवून देतो. तो वाचून दाखवला गेला आणि बाजूला ठेवला गेला. लोकांचा विश्वास परत मिळवायचा, एवढं मात्र एकमताने ठरलं. त्यासाठी नागराजने माझ्या कपाळावर एक हिरवं कुलूप चिकटवलं आणि खाली लिहिलं, ‘शंभर टक्के सुरक्षित’. कुलपाचं चित्र. नुसतं चित्र. त्यामागे मी होते तशीच उघडी आहे.

आणि आत्ता, मी तुमच्याशी बोलतेय तेव्हा, पवित्रा नावाची मुलगी कॉफीच्या दुकानात बसून, तिथल्या मोकळ्या वाय-फायवरून फॉर्म भरतेय. गोपनीय रकान्यापाशी तीही थांबली. वर सरकून तिने ते हिरवं कुलूप पाहिलं, आणि तिचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला.

पोरी, ते चित्र कोणालाही काढता येतं. पत्त्याशेजारी ब्राउझर काय म्हणतो ते वाच आणि मागे फिर. सांगायचंच असेल तर अण्णांकडे जा, समोर बस, दार लावून घे. मी कितीही ओरडले तरी तुला ऐकू यायचं नाही. मला फक्त नेता येतं.

तिचं लिहून झालंय. पुन्हा वाचून तिने एक शब्द सुधारला. आता तिचं बोट ‘पाठवा’वर आहे.